दुसऱ्या प्रतीतली नोंद

आईच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं, यावरून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, आइकेचं, सप्टेंबरपासून वाजत होतं. त्याचं म्हणणं, चांगली आरामखुर्ची घेऊ. माझं म्हणणं, खुर्ची कोणीही देतं, आपण तिच्या घराण्याची वंशावळ चौकटीत बसवून देऊ. बाबांच्या बाजूची मी दोन वर्षं खपून पुरी केली होती. आमच्याकडे सरकारी जन्मनोंदी १८७४ पासून सुरू होतात. तिथपर्यंतचं पान न पान मी स्वतः वाचलं होतं. ते जुनं टोकेरी जर्मन अक्षर वाचता यावं म्हणून संध्याकाळी माझं चष्म्याचं दुकान बंद केल्यावर दर मंगळवारी शिकवणीला जायचे.

"ताई, तुझ्या त्या मेलेल्या माणसांनाही बसायला खुर्ची लागेलच की," आइके म्हणायचा.

आईची बाजू मात्र तिच्याच पानावर अडली. ओस्टरमोरला, म्हणजे आमच्या गावात, १९३८ चं जन्माचं पुस्तक तळघरात ओल लागून विटेसारखं घट्ट झालं होतं. तिथल्या नोंदणी कार्यालयातली मुलगी म्हणाली, "जिल्ह्याला ब्राम्बेकला जा. प्रत्येक पुस्तकाची दुसरी प्रत तिकडे ठेवतात. तुम्ही सख्खी मुलगी, तुम्हाला दाखवतील. परक्याला एकशे दहा वर्षं थांबावं लागतं."

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी मी दुकानाला सुट्टी देऊन ब्राम्बेकला गेले. अभिलेखागारात ल्यूडेके नावाच्या बाई होत्या, निवृत्तीला आलेल्या, अंगात लोकरीची बंडी. त्यांनी पुस्तक आणून मऊ उशीवर ठेवलं आणि हव्या त्या पानाशी पट्टी घातली.

नोंद क्रमांक एकेचाळीस. ओस्टरमोरचे शेतकरी हिन्रिक बेन्केन यांची पत्नी मेटा हिला २ डिसेंबर १९३८ रोजी पहाटे साडेचारला राहत्या घरी मुलगी झाली. नाव इर्मेला. खाली आजोबांची सही. एच अक्षराला शेपूट काढायची त्यांची सवय मला ठाऊक होती. मी पेन्सिलीनं उतरवून घेत होते, आणि उजवीकडच्या समासापर्यंत आले तेव्हा हात थांबला. तिथे वेगळ्या शाईत, वेगळ्या हातानं लिहिलं होतं: मृत्यू १४ मार्च १९४५, ब्राम्बेक, नोंद क्रमांक २११.

"बाई, हे जरा बघता का? दुसऱ्या कुणाचं तरी इथे चुकून लिहिलं गेलंय."

ल्यूडेकेबाईंनी भिंग धरून पाहिलं. "असं होतं कधीकधी. क्रमांक दिलाय ना, मग मृत्यूचंच पुस्तक काढू. बसा."

वीस मिनिटं लागली. खोलीत माझ्याशिवाय एकच म्हातारे गृहस्थ होते, तेही त्यांच्या पानात बुडालेले. मी स्वतःला समजावत होते, की चूकच असणार, युद्धाचे शेवटचे दिवस, कारकून दमलेले.

चूक नव्हती. इर्मेला बेन्केन, सहा वर्षं, राहणार ओस्टरमोर, जिल्हा रुग्णालयात घटसर्पानं मृत्यू. खबर देणारा: वडील, जातीनं हजर. खाली सही. एचला शेपूट.

"अर्जात तर तुम्ही मुलगी असं लिहिलंय. मग तुमच्या आई?" ल्यूडेकेबाईंनी विचारलं.

"ती घरी आहे. आत्ता जेवणाची तयारी करत असेल."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे पाहिलं, परत लावला. मग खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघा, मी पाहिलंय ते आता न पाहिल्यासारखं मला करता यायचं नाही. मेलेल्या मुलीच्या नोंदीवर कुणी जगत असेल तर मला नोंदणी कार्यालयाला लिहावंच लागतं."

"कधी?"

"नियमानं आजच." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आजचं टपाल गेलं. उद्या मी नसते. सोमवारी लिहीन. तोवर बोलून घ्या त्यांच्याशी. सरकारी पाकिटातून कळायला नको."

गाडीत बसून मी आधी आइकेला फोन लावला. तो हॅम्बुर्गच्या गोदीत क्रेनवर असतो, मागून वाऱ्याचा आवाज येत होता.

"सांगितलं होतं तुला, खुर्ची घेऊ," तो म्हणाला. मग त्याचा आवाज बदलला. "आजोबांनी स्वतः सही केली?"

"स्वतः."

"म्हणजे त्यांना माहीत होतं. मग घरात वावरतेय ती कोण?"

"तेच विचारायला निघालेय."

"ताई, विचारू नकोस. पुस्तक मिटलं म्हण आणि सोड. पंच्याहत्तर वर्षांची बाई आहे ती."

"मी सोडलं तरी सोमवार सोडणार नाही ना," मी म्हटलं, आणि गाडी सुरू केली.

आई गावाबाहेर, दलदलीकडच्या अंगाला एकटी राहते. जमीन कधीच दुसऱ्यांना कसायला दिलीय, घर तेवढं ठेवलंय. मी गेले तेव्हा ती टेबलाशी बसून केल या कुरळ्या पालेभाजीची पानं देठापासून ओरबाडत होती. आमच्याकडे पहिलं दंव गोठलं की ही भाजी घरोघरी शिजते.

"आज एवढ्या लवकर? दुकान जळलं की काय?"

वाटेत मी तीन वाक्यं पाठ केली होती. तिन्ही विसरले.

"आई, इर्मेला बेन्केन पंचेचाळीस सालच्या मार्चमध्ये वारली, असं पुस्तकात लिहिलंय."

तिचे हात थांबले नाहीत, आणि मला भीती वाटली ती त्याचीच. हातातला देठ साफ केला, दुसरा घेतला.

"कुठल्या पुस्तकात?"

"ब्राम्बेकच्या. दुसऱ्या प्रतीत."

"तिकडे कशाला गेली होतीस?"

"वंशावळीसाठी. तुझ्या वाढदिवसाला..."

"मी मागितली होती?"

"आई, तू कोण आहेस?"

असं विचारायला नको होतं. ती उठली, हात धुतले, पुसले, खुंटीवरचा माझा कोट काढून माझ्या हातात दिला. "घरी जा, विब्के."

"सोमवारी त्या बाई कार्यालयाला कळवणार आहेत. त्याच्या आत आपण दोघींनी..."

"कळवणार?" तिनं माझं मनगट पकडलं. ओल्या, गार बोटांनी. "म्हणजे नेणार का?"

"कोण नेणार? कुठे नेणार?"

तिनं मनगट सोडलं. खांद्याला धरून मला दाराबाहेर काढलं आणि कडी घातली. मग आतून खुर्ची फरफटत आणल्याचा आवाज आला. खुर्ची दाराला टेकवली होती. जन्मात तिनं दिवसा दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी दार वाजवलं, खिडकीशी गेले, हाका मारल्या. पडदा ओढला गेला. दीड तास गाडीत बसून शेवटी मी घरी गेले.

शुक्रवारी सकाळी सातला फोन केला, उचलला नाही. साडेसातला पुन्हा. पावणेआठला मी शेजारच्या थीसकाकांना फोन केला. त्यांचं घर सर्वांत जवळ, म्हणजे सहाशे मीटरवर.

"अगं, ती तर सहालाच सायकलवरून गेली," काका म्हणाले. "चांगला कोट घातला होता. मी म्हटलं, एवढी नटूनथटून कुठे, तर मान वळवली नाही बाईनं."

"कुठल्या दिशेला?"

"कालव्याकडे."

कालवा म्हटल्यावर मी फोन ठेवून गाडीकडे धावले. बसथांबाही त्याच रस्त्यावर आहे, पण तेव्हा ते सुचलं नाही. मी कालव्याच्या काठाकाठानं गाडी हाकत होते, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. दोनदा उतरून पाण्यात वाकून पाहिलं. एका ठिकाणी गवतात काळं काही दिसलं. जवळ गेले तर प्लास्टिकची पिशवी. पोलिसांना फोन करायला खिशातून मोबाइल काढला आणि तो हातातच वाजला.

"मी टेम्मे बोलतोय, ब्राम्बेकच्या नोंदणी कार्यालयातून. तुमच्या आई इथे आल्यात. तब्येत ठीक आहे, पण तुम्ही आलात तर बरं. दार उघडायच्या आधीपासून पायरीवर बसल्या होत्या म्हणे."

मी गेले तेव्हा ती व्हरांड्यातल्या खुर्चीवर ताठ बसली होती. कोटाची सगळी बटणं लावलेली, मांडीवर पिशवी. पिशवीत तिचं ओळखपत्र, लग्नाचा दाखला, पेन्शनचे कागद आणि आतले कपडे दोन जोड, टूथब्रश. हातात क्रमांकाची चिठ्ठी होती, चौदा. टेम्मेसाहेब तिला आधीच आत बोलवत होते, पण ती म्हणत होती, माझा नंबर येऊ दे.

"आई..."

"तू बाहेर थांब. हे तुला नाही सांगायचं, सरकारला सांगायचंय."

चौदा नंबर लागला. ती आत गेली. दार नीट लागत नव्हतं, बोटभर फट राहिली. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले.

टेम्मेसाहेब तिशीतले, दाढीवाले. "नाव सांगा."

"कुठलं सांगू?"

"तुम्हाला जे सांगायचं असेल ते."

मग आई बोलली. लहान मुलं शाळेत पाठ म्हणतात तशी, एका दमात. "उर्टे शामाइटाट. जन्म ३ मे १९३८. गाव लांकुपेन, पूर्व प्रशिया. वडील योन्स, आई आन्ना. धाकटा भाऊ ब्रूनो."

अडुसष्ट वर्षांत तिनं हे पहिल्यांदा उच्चारलं होतं. मी तिथेच फरशीवर बसले.

मग तिनं सगळं सांगितलं. वडील आघाडीवर गेले ते परत आले नाहीत. रशियन येताहेत म्हणून आई दोघा मुलांना घेऊन निघाली. पोमेरानियातल्या कुठल्यातरी स्टेशनवर गर्दीत चुकामूक झाली. कुणीतरी हिला खिडकीतून डब्यात ढकललं आणि गाडी सुटली. आठवडाभर इकडून तिकडे. शेवटी ओस्टरमोरच्या शाळेत एकट्या पडलेल्या मुलांना भिंतीशी ओळीत उभं केलं आणि शेतकरी एकेकाला घेऊन जाऊ लागले. मेटा बेन्केन आली. तिनं दुसऱ्या मुलांकडे पाहिलंच नाही.

"माझ्या गळ्यात नावाचं पुठ्ठ्याचं कार्ड होतं. मेटाआईनं वाटेत ते काढून खंदकात टाकलं. म्हणाली, आता तू इर्मेला. कुणी काही विचारलं तर सांगायचं, दवाखान्यात होते, बरी होऊन आले. दुसरं काही बोललीस तर परत गाडीत बसवून नेतील."

"आणि गावातले लोक?"

"आमचं घर लांब. माझं डोकं भादरलं होतं, दवाखान्यातून आलेल्या पोरांचं असायचं तसं. ज्यांना कळलं ते गप्प बसले. गावात तेव्हा प्रत्येकाच्या घरात काहीतरी झाकलेलं होतं."

"त्यांनी तुम्हाला त्रास दिला?"

"त्रास दिला असता तर बरं झालं असतं," आई म्हणाली. "पळून तरी गेले असते. मेटाआई माझ्यासाठी जीव टाकायची. पोस्टात हरवलेल्या मुलांचे फोटो लावलेले असायचे. मी प्रत्येक फोटो बघायची. बघताना छाती धडधडायची, की इथे माझा निघाला तर? निघू नये असंही वाटायचं, निघावा असंही वाटायचं."

टेम्मेसाहेब संगणकावर लिहीत होते. टकटक थांबली तेव्हा आईनं विचारलं, "माझं लग्न गेलं ना? मुलंही बिननावाची झाली."

"एकसष्ट साली लग्न नोंदताना कार्यालयात कोण उभं होतं?"

"मी."

"मग लग्न तुमचं झालंय. मुलं तुमची. दूध संघात पस्तीस वर्षं काम कुणी केलं?"

"मीच."

"मग पेन्शनही तुमची. नोंद चुकीची आहे, तुम्ही नाही. आता हे प्रकरण न्यायालयात जाईल, नोंद दुरुस्त करायला. पण त्यासाठी उर्टे जन्मली होती याचा पुरावा लागेल. तिकडची बरीच पुस्तकं युद्धात गेली. वाचली ती बर्लिनला आहेत. मी पत्र टाकतो. मिळेल असं वचन देत नाही."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर अवघड आहे," ते म्हणाले. "मग कागदावर तुम्ही कोणीच नसाल."

"पण नेणार नाही ना मला कुठे?"

त्यांना प्रश्न कळला नाही. मला कळला. मी दार ढकलून आत गेले. तिनं या वेळी मला बाहेर जा म्हटलं नाही.

पुढचे आठवडे वाईट गेले. ती माझ्याशी बोलायची, पण दुकानात गिऱ्हाइकानं बोलावं तसं. आइके तिच्यावर नाही, माझ्यावर चिडला. "मी बेन्केनांचा नातू म्हणून त्या शेताच्या कडेची झाडं जपली," तो म्हणाला. "आता मी कोणाचा नातू? त्या कुठल्याशा गावातल्या योन्सचा? तो मुलूख तर युद्धानंतर आपला राहिलाच नाही, ते गाव आता नकाशावर तरी आहे का?"

"आहे की नाही ते बर्लिन सांगेल."

"बर्लिन सांगेल! तुला काय, तुला पान उलटायला मिळालं की झालं."

त्याचं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून लागलं.

दोन डिसेंबर आला. आम्ही कुणालाच काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे गाव आलं. केक आले, थीसकाकांनी अकॉर्डियन आणलं, सगळ्यांनी उभं राहून पंच्याहत्तरीचं गाणं म्हटलं. आई मधोमध बसून हसत होती. मेणबत्त्या विझवायची वेळ आली तेव्हा तिचा श्वासच पुरेना. लोक हसले, म्हणाले, इर्मेला, म्हातारी झालीस. मी आणि आइकेनं दोन बाजूंनी वाकून फुंकर मारली. त्या दिवसापासून आइके माझ्याशी नीट बोलायला लागला. खुर्ची त्यानं आणलीच होती.

जानेवारी गेला. बर्लिनहून एक ओळ आली, की त्या गावाचं १९३८ चं पुस्तक नाही. टेम्मेसाहेबांनी फोनवर वाचून दाखवलं तेव्हा आई माझ्यासमोर उभी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला समजलं. "झालं तर मग," एवढंच म्हणून ती कोंबड्यांकडे गेली.

पण इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते. जन्म गावात होतो, नोंद गावातच होते असं नाही. लहान गावांना स्वतःचं कार्यालय नसतं. दोन-चार गावं मिळून एक असतं, आणि ते वेळोवेळी हलवतात. मी त्या भागाची जुनी गावयादी मिळवली. लांकुपेन १९३६ पर्यंत एका कार्यालयाखाली होतं, नंतर शेजारच्या मोठ्या गावाला जोडलं गेलं. मी त्या गावाच्या नावानं नवा अर्ज केला आणि आईला सांगितलं नाही. पुन्हा नाही आलं तर मला तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

फेब्रुवारीच्या शेवटी जाड पाकीट आलं. मी ते न फोडता घेऊन गेले. आइकेही आला होता.

"तू वाच," आई म्हणाली. "मला ते अक्षर येत नाही."

मी वाचलं. "क्रमांक सतरा. सुईण ग्रीटा नाउयोक्स हिनं समक्ष येऊन कळवलं की, मजूर योन्स शामाइटाट याची पत्नी आन्ना हिला, सुईणीच्या उपस्थितीत, ३ मे १९३८ रोजी दुपारी एकला मुलगी झाली. नाव उर्टे."

"ग्रीटामावशी," आई म्हणाली. "तिच्या अंगाला जिऱ्याचा वास यायचा." आणि पहिल्यांदा रडली.

मी पुढचं वाचत नव्हते. समासात चार ओळी होत्या. आइकेनं माझ्या खांद्यावरून पाहिलं. "ताई, ते काय आहे?"

"काही नाही."

"विब्के," आई म्हणाली, "मी सगळं सांगितलं. आता तू काही लपवू नकोस."

"उर्टे शामाइटाट हिला विस्मार येथील न्यायालयाच्या ११ जून १९५३ च्या निकालानं मृत घोषित केलं आहे. मृत्यूची वेळ ३१ डिसेंबर १९४५. अर्जदार: आई, आन्ना शामाइटाट, राहणार विस्मार."

आईनं विचारलं, "त्रेपन्न साली ती जिवंत होती?"

"हो."

"विस्मारला."

"हो, आई."

विस्मार आमच्यापासून दीडशे किलोमीटरवर आहे. मध्ये तेव्हा पूर्व आणि पश्चिम अशा दोन देशांची सीमा होती, तारा होत्या. पण दीडशेच किलोमीटर. आई पंधरा वर्षांची असताना, रोज सायकलवर शाळेत जात असताना, तिच्या आईनं तिला मेलेली म्हणून लिहून दिलं होतं. आई उठली आणि आइकेच्या त्या नव्या खुर्चीत जाऊन पाठमोरी बसली.

टेम्मेसाहेबांनी विस्मारच्या कार्यालयाला विचारून दिलं. आन्ना शामाइटाट एकोणऐंशीत वारली होती. मृत्यूच्या नोंदीत खबर देणाऱ्याचं नाव असतंच: मुलगा ब्रूनो, राहणार विस्मार. फोनच्या यादीत या आडनावाचा एकच माणूस निघाला.

मी फोन केला. शक्य तितक्या सावकाश सांगितलं.

"लाज नाही वाटत?" पलीकडून माणूस ओरडला. "म्हातारी माणसं हेरून फोन करता! आज बहीण निघाली, उद्या ती दवाखान्यात पडेल आणि परवा माझा खातेनंबर मागाल. पोलिसांत देईन!" आणि फोन आपटला.

आईनं माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "नंबर लाव."

"आई, थोडे दिवस जाऊ दे. आधी पत्र पाठवू."

"लाव म्हणते ना."

मी लावला आणि आवाज मोठा केला. त्यानं उचलला.

"ठेवू नकोस," आई म्हणाली. "मला काही नको. फक्त एवढं सांग, आई माझ्यावर रागावली होती का?"

"कोण बोलतंय?"

"तिनं मला सांगितलं होतं, काही झालं तरी बाबागाडीची दांडी सोडायची नाही. मी सोडली. एका बाईनं खिडकीतून सफरचंद पुढे केलं होतं. मी दांडी सोडून ते घ्यायला गेले." हे तिनं टेम्मेसाहेबांना सांगितलं नव्हतं. मलाही नाही. "मागून कुणीतरी मला उचललं आणि आत टाकलं. चुकामूक झाली नाही. मी सोडली."

पलीकडे कुणीतरी रेडिओ बंद केला.

"बाबागाडी नव्हती," तो म्हणाला. आवाजात अजून संशय होता. "आई सांगायची, हातगाडी होती."

"बाबागाडीच. पुढचं चाक वाकडं होतं. तू आत होतास आणि तुझ्या पायाशी शिवणयंत्राचं वरचं धड होतं, ब्लँकेटात गुंडाळलेलं. त्यामुळे तुझे पाय कायम वर असायचे."

पलीकडे काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं, ठेवला त्यानं.

"ते यंत्र माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "यंत्राचं बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. रस्त्यात लुटतील म्हणून झाकून आणलं होतं तिनं." मग त्याचाच आवाज फुटला. "रागावली नव्हती. तुझ्यावर कधीच नाही. म्हणायची, मी मूर्ख, दोन्ही हातांनी गाडी ढकलत होते. एक हात पोरीसाठी मोकळा ठेवायला हवा होता."

"मग मला मारून का टाकलं कागदावर?"

"तिनं नाही गं. विधवेची पेन्शन मिळेना. बाबांचं आणि तुझं, दोघांचं काय झालं ते लिहून द्या म्हणाले, नाहीतर अर्ज पडून राहील. आठ वर्षं शोधून झालं होतं. तिनं सही केली. निकालाचं पाकीट आलं ते फोडलं नाही कधी. तसंच आहे."

आई भिंतीला टेकून खाली बसली, फोन कानाशी तसाच. मग ती दोघं काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी आइकेला ओढून बाहेर नेलं.

मार्चमध्ये ब्रूनोमामा आला. सत्तरीचा, ठेंगणा, जहाजबांधणीत फिटर होता. दारात दोघंही अवघडून उभी राहिली. मिठी मारायची की हात मिळवायचा ते दोघांनाही कळेना, शेवटी आईनं त्याचा कोट काढून घेतला. जेवताना दोघं जवळपास गप्पच होती. नंतर त्यानं खिशातून पाकीट काढलं. साठ वर्षांत कडा पिवळ्या पडल्या होत्या, चिकटवलेलं तसंच.

आई म्हणाली, "विब्के, फोड आणि वाच."

मी निकाल वाचला. मृत्यूची वेळ, ३१ डिसेंबर १९४५, रात्री बारा.

"त्या दिवशी मेटाआईनं मला बर्फावर घसरायचे स्केट्स दिले होते," आई म्हणाली. "पुढच्या सकाळी मी गोठलेल्या कालव्यावर तीनदा पडले." ब्रूनोमामा हसायला लागला आणि त्याला थांबताच येईना.

मे महिन्यात न्यायालयात तारीख लागली. न्यायाधीशबाईंनी विचारलं, नाव कुठलं ठेवायचं? आई म्हणाली, "उर्टे लिहा. पण लोक इर्मेला म्हणतात ते म्हणू देत, एवढ्या उशिरा गावाला नवं शिकवता यायचं नाही." मग तिनं स्वतःहून एक मागणं मागितलं. इर्मेला बेन्केनची नोंद खोडायची नाही. "ती सहा वर्षांची गेली. तिची कबर कधीच काढून टाकलीय. या दोन पुस्तकांशिवाय तिचं कुठेच काही नाही. मी तिच्या जागेवर खूप बसले. तिचं तिला राहू द्या."

निकाल ऑगस्टमध्ये आला. टेम्मेसाहेबांनी आम्हाला बोलावलं. ओस्टरमोरचं ते ओलीनं चिकटलेलं पुस्तक दुरुस्त होऊन आलं होतं. त्या पहिल्या प्रतीत, एकेचाळीस क्रमांकाशेजारी समास कोराच होता, म्हणूनच आईला आजवर दाखले मिळत गेले होते. मृत्यू कळवणारं ब्राम्बेकहून आलेलं पत्र त्या वेळी कुणी बाजूला ठेवलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. टेम्मेसाहेबांनी पेन घेऊन त्या कोऱ्या समासात इर्मेलाचा मृत्यू लिहिला, एकोणसत्तर वर्षं उशिरानं. आई टेबलापलीकडे उभी राहून अक्षर न् अक्षर पाहत होती.

"घटसर्पानं, ते लिहिलंत का?"

"इथे कारण लिहीत नाहीत, बाई."

"बरं. तारीख परत वाचा."

त्यांनी वाचली. शाई वाळेपर्यंत ती तिथून हलली नाही.